पाठमोरी वाटणी

एकच बार झाला. दुसरा झाला नाही, म्हणजे जनावर जागेवरच बसलं असणार. तीरा होती तिथेच थांबली. बुटाखाली दलदलीचं पाणी पचपचत होतं, पट्ट्याला बांधलेली टुस्सा कुत्री पुढे ओढ घेत होती, आणि खांद्यावरच्या वायरलेसमधून तिच्या नवऱ्याचा आवाज आला, "अल्वार बोलतोय. मादी पडली. भाकड आहे."

"भाकड? नक्की?" हेल्गेनं तिकडून विचारलं. हेल्गे शिकारीच्या टोळीचा म्होरक्या. हिवाळ्यात पालिकेच्या रस्त्यांवरचा बर्फ नांगरानं ओढायचं कामही त्याच्याकडेच. प्रत्येक गोष्ट दोनदा विचारायची खोड त्याला त्या यंत्राच्या घरघरीतच लागलेली.

"नक्की म्हणजे काय! डोळे आहेत ना मला."

तीराला ते बोलणं खटकलं. कुणी डोळ्यांबद्दल विचारलं होतं? ती टुस्साच्या मागे ओढली जात झपाझप निघाली.

एल्क म्हणजे घोड्यापेक्षा उंच जनावर, पण एवढं धूड पाइनच्या दोन झाडांमध्ये असं विरून जातं की दहा पावलांवरून दिसू नये. पार उत्तरेकडच्या ह्या होल्मसेले पालिकेच्या हद्दीत माणसं कमी आणि एल्क जास्त. ऑक्टोबरात शिकारीचे दिवस आले की शाळेला सुट्टी, पालिकेची सभा पुढच्या महिन्यात, आणि दाताचा डॉक्टर दारावर पाटी लावून रानात. त्या रानात एक नियम शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. पाडस आधी, आई नंतर. आई मेली की पाडसाचा हिवाळा निघत नाही. पाडस नसलेली भाकड मादी तेवढी खुशाल मारावी.

तीरा पोचली तेव्हा अल्वार गुडघ्यावर बसून जनावराचं पोट साफ करत होता. कोपरापर्यंत बाह्या वर, हात लाल, उघड्या पोटातून वाफा निघत होत्या. नेहमी तो बाकीचे येईपर्यंत थांबायचा, तंबाखूची पुडी ओठाखाली सरकवायचा, जनावराच्या मानेवर हात ठेवून गप्प बसायचा. आज मात्र सुरी भराभर चालली होती.

"एवढी घाई कसली?" तीरा म्हणाली.

"मांस तापतं. धर तो पाय."

तिनं पाय धरला. टुस्साला तिनं मोकळं सोडलं होतं. कुत्री मागच्या पाइनखाली गेली आणि काहीतरी चाटायला लागली. हाक मारली तरी येईना. शेवटी तीरा उठून गेली. शेवाळावर मादीची कापलेली कास पडली होती. टुस्सानं मान वर केली, तेव्हा तिच्या करड्या नाकाडावर पांढरं दूध लागलेलं होतं.

तीराचं बालपण गाईंच्या गोठ्यात गेलं होतं. तिला काही विचारायची गरज नव्हती. तिनं मागे वळून पाहिलं. अल्वार तिच्याकडेच पाहत होता, पण डोळे सरळ तिच्यावर नव्हते, जरा बाजूला, तिच्या कानाशी. अलीकडे तो असाच बघायचा.

लांबून सहाचाकी गाडीची घरघर आली. हेल्गे आणि बाकीचे येत होते. तीराला काय झालं तिचं तिलाच कळलं नाही. तिनं बुटाच्या टाचेनं ती कास शेवाळात दाबली, वर ओलं शेवाळ ओढलं आणि टुस्साचं नाक बाहीनं पुसून टाकलं.

"अरे वा, अल्वार! म्हातारपणी नेम सुधारला की," हेल्गे गाडीवरून उतरत म्हणाला. त्याच्यामागे शाळेतली मास्तरीण कैसा होती. टोळीतली सगळ्यात नवी बंदूक. तिला कायम वाऱ्याच्या उलट्या बाजूची, जनावराला आधीच वास लागेल अशी जागा मिळायची, आणि ती कधी कुरकुरायची नाही.

"जळतोस काय?" अल्वार म्हणाला.

हेल्गेनं जनावराच्या पुठ्ठ्यावर हात फिरवला. चिमटीत कातडी धरून पाहिली. "भाकडीच्या मानानं चरबी कमीच की हिला. कास कुठाय?"

"गेली आतड्यांबरोबर. उन्हाळा कोरडा गेला यंदा. चरबी कुठून येणार?"

"कोरडा गेला खरा," हेल्गे म्हणाला आणि त्यानं चिमटीतली कातडी सोडली. कैसानं एकदा अल्वारकडे पाहिलं, एकदा तीराकडे. तीरा दोरखंड सोडवायला लागली. गाठ सोडवायला तिला फार वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी तीरा कामावर गेली. पालिकेच्या घरसेवेत ती म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या घरी जायची. गोळ्या द्यायच्या, अंघोळ घालायची, पायमोजे चढवायचे, आणि गाडी काढून पुढच्या घरी. गाडीच्या दारावर पालिकेचं बोधचिन्ह होतं. करवत आणि मासा. मासा बघून लोक हसायचे, कारण धरण झाल्यापासून नदीत त्या जातीचा मासा उरलाच नव्हता.

तिचं कशातच लक्ष नव्हतं. एका घरी तिनं कॉफीत मीठ टाकलं, एका घरी स्वतःची टोपी विसरली. प्रत्येक घरात एकच विषय. "ऐकलं, अल्वारनं मादी पाडली. भाकड होती म्हणे. नशीबवान हो!" ती हं हं करायची आणि हात धुवायची. दिवसभर तिनं इतक्यांदा हात धुतले की बोटांची सालं निघाली.

सिक्स्टनचं घर सगळ्यात शेवटी. सिक्स्टन तीस वर्षं टोळीचा म्होरक्या होता. आता नव्वदीला टेकलेला, पाय सुजलेले, पण जीभ शाबूत. ह्या भागात अहो-जाहो कुणालाच नाही, पालिकेच्या अध्यक्षालाही नाही. तरीपण सिक्स्टनला अरे म्हणताना तीराची जीभ अडखळायची. ती सात वर्षांची असताना ह्याच माणसानं तिच्या बापाला टोळीतून काढलं होतं. बापानं पाडस असलेली मादी मारली म्हणून. पुढं प्रत्येक ऑक्टोबरात सगळं गाव रानात जायचं आणि तिचा बाप सरपण फोडत बसायचा. नको इतकं सरपण. घराच्या तिन्ही भिंतींना लागून थर, आणि तरी कुऱ्हाड थांबत नसे. कुणी घरी मांसाचा तुकडा आणून देत नसे, आणि दिला असता तरी त्यानं घेतला नसता. तो बंदुकीविना मेला, असं आई म्हणायची.

आणि आता त्याच सिक्स्टनच्या पायात ती रोज घट्ट रबरी मोजे चढवत होती.

"आई गं! कातडी सोलतेस काय माझी?" सिक्स्टन ओरडला.

"हलू नकोस, म्हणजे सोलणार नाही."

"खिडकीवरची दुर्बीण दे."

तिनं दुर्बीण दिली. सिक्स्टनच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून उतार, उताराखाली नदी आणि पलीकडे कालची दलदल दिसायची. म्हाताऱ्यानं काचा डोळ्यांना लावल्या आणि बराच वेळ तसाच बसला. तीरा दुसरा मोजा हातात धरून फरशीवर बसली होती. फरशी गार होती.

"काल संध्याकाळी होतं. आज पहाटेही होतं," सिक्स्टन म्हणाला.

"काय?"

"पाडस. एकटंच. त्या मोठ्या पाइनपाशी येतं, हुंगतं, जातं, परत येतं. आई जिथं शेवटची दिसली तिथं येतात ती. कुणाचा बार होता गं तिथं?"

तीरानं चढवलेल्या मोज्याची सुरकुती सरळ केली.

"मी विचारतोय."

"तुला ठाऊक आहे कुणाचा होता. अख्ख्या होल्मसेलेला ठाऊक आहे."

"हां." सिक्स्टननं दुर्बीण मांडीवर ठेवली. "भाकड, म्हणाला ना?"

हातातला मोजा फेकावा, दार आपटावं आणि निघून जावं असं तिला वाटलं. ती म्हणाली, "काढ मग त्यालाही. माझ्या बापाला काढलंस तसा. दोघांना पुरून उरलास तू."

सिक्स्टन हसला नाही की चिडलाही नाही. "तुझ्या बापाला मी मादी मारली म्हणून काढलं, असं कुणी सांगितलं तुला?"

"सगळ्यांनी."

"सगळ्यांना काय कळतंय, कपाळ! मादी माझ्याकडूनही गेलीय एकदा. रानात अंदाज चुकतो. मी त्याच दिवशी येऊन सांगितलं, दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी दबा धरून पाडस मारलं, उपाशी मरू दिलं नाही, संपलं. तुझा बाप बोलला नाही. मी त्याला तीनदा विचारलं. तिन्ही वेळा म्हणाला, भाकड होती. पाडस आम्हाला वसंतात सापडलं. बर्फ वितळल्यावर. पाइनच्या बुडाशी, साल कुरतडून कुरतडून दात झिजवलेले." तो थांबला. "मी त्याला त्याकरता काढला."

तीराला हे ठाऊक नव्हतं. पन्नाशीला आलेल्या बाईला आपल्या बापाची अशी गोष्ट फरशीवर बसून ऐकावी लागली, तीही ज्याचा तिनं जन्मभर राग केला त्याच्या तोंडून. तिला रडू आलं नाही, उलट म्हाताऱ्याचा आणखी राग आला. खरं बोलला, म्हणून.

"शनिवारी मांसाची वाटणी," सिक्स्टन म्हणाला. "तोवर मी गप्प. शनिवारी रात्री बर्फ आहे. एकदा बर्फ पडला की मी सांगायची गरजच नाही. पाडसाचे पाय कोणीही वाचेल. बर्फ पडला की हेल्गे तर रोज पहाटे त्याच रस्त्यानं नांगर घेऊन जातो. त्याच्या आत अल्वारनं बोलावं. तू नाही, त्यानं."

"आणि नाही बोलला तर?"

"मला काय विचारतेस?" म्हाताऱ्यानं पाय पुढे केला. "दुसरा मोजा उलटा आहे."

घरी अल्वार बंदूक पुसत बसला होता. कालपासून तिसऱ्यांदा. तीरा बूट न काढताच आत आली.

"पाडस येतंय दलदलीवर."

अल्वारनं फडकं खाली ठेवलं. "कोण म्हणतं?"

"मी म्हणते. कास मी पुरली, अल्वार. दूध माझ्या बाहीवर आहे. मला भाकड सांगू नकोस."

तो उठला, किटलीपाशी गेला, कप घेतला आणि कॉफी ओतताना कपाच्या कडेला बोट लावून धरलं. कॉफी बोटाला लागली तेव्हा थांबला. हे तो कित्येक महिने करत होता आणि ती कित्येक महिने पाहत होती. वर्तमानपत्र तो वाचायचा नाही, चाळायचा. गाडी चालवताना रस्त्याच्या मधल्या रेषेकडे न बघता कडेच्या खांबांवर नजर ठेवायचा. तीरा गप्प राहिली होती, कारण तोही गप्प होता, आणि एवढ्या वर्षांत त्यांचं असंच चालत आलं होतं.

"पाडस पुढं गेलं असणार," तो म्हणाला. "माझ्या समोरून गेलं असणार, तीरा. आणि मला दिसलं नाही. मधोमध डाग आहे. तुझ्याकडे बघतो तर तुझं तोंड नसतं. कडेनं बघतो तेव्हा असतं. मोठं काळं आलं, मी ओढला घोडा."

"मग तेच सांग!"

"काय सांगू? दिसत नाही म्हणून? आज बंदूक जाईल, उद्या गाडी. दुकान चाळीस किलोमीटरवर, दवाखाना शंभरावर. मी काय करू मग? खिडकीत बसू? तुझी ती गोळ्यांची पुडी घेऊन तू माझ्याकडेही येशील काय सकाळी, दारावर करवत-मासा लावून?" त्याचा आवाज चढला. "मी लाकूडतोडीचं मशीन चालवलंय जंगलात पस्तीस वर्षं. अंधारात, वादळात. मला सगळे ओळखतात कशामुळं? डोळ्यामुळं. अल्वारच्या नजरेतून काय सुटत नाही म्हणतात."

"सुटलं."

अल्वार खाली बसला. तीरा उभीच होती. तिला बसताच येईना. भांडी धुतलेली होती, ती तिनं परत धुतली. ओटा पुसला, खिडकी पुसली, बाहेर जाऊन टुस्साच्या खोपटातलं गवत बदललं, परत आली. अल्वार होता तिथेच होता.

"तू नाही सांगायचंस," तो म्हणाला. "शपथ आहे तुला."

इथली माणसं हो म्हणत नाहीत, श्वास आत ओढतात. ओठांचा चंबू करून हवा आत घेतली की झालं हो. तीरानं श्वास ओढला नाही. नाहीही म्हणाली नाही.

गुरुवारी वाटाण्याचं सूप आणि धिरडी, हे सगळ्या देशात ठरलेलं. त्या गुरुवारी अल्वारनं धिरडं चमच्यानं उलटसुलट केलं आणि ताटात तसंच ठेवलं. शुक्रवारी काम आटोपून तीरा एकटीच दलदलीकडे गेली. टुस्साला घरीच बांधलं. आभाळ खाली उतरलेलं, राखेच्या रंगाचं, आणि हवेला लोखंडासारखा वास. बर्फाआधी असाच वास येतो.

ती मोठ्या पाइनपासून थोडं दूर, उलथलेल्या खोडाच्या आड बसली. बसणं जमेना म्हणून उभी राहिली. उभं राहणं जमेना म्हणून परत बसली. काय करणार होती ती तिथं? तिच्याकडे बंदूक नाही, परवाना नाही. पाडसाला हाकलून द्यावं, पार दलदलीपलीकडे, दुसऱ्या पालिकेच्या हद्दीत? म्हणजे बर्फावर पाय उमटतील ते तिकडे उमटतील. एवढा नीच विचार आपल्या डोक्यात आला ह्याची तिला लाज वाटली, आणि लाज वाटूनही तो विचार गेला नाही.

पाडस आलं. बर्चच्या झाडीतून आधी कान आले, मग लांबच लांब पाय. उन्हाळ्यात जन्मलेलं ते, अजून अंगावर तांबूस केस. ज्या जागी रक्त सांडलं होतं तिथं त्यानं नाक लावलं. मग तीरानं कास पुरली होती तिथं आलं. खुरानं शेवाळ उकरलं. तिथं आता काही नव्हतं, कोल्ह्यानं केव्हाच नेलं होतं. ते उकरत राहिलं, आणि मधूनच बारीक आवाज काढायचं, नाकातून, लहान मूल झोपेत कण्हतं तसा.

"हो! हट्! जा!" तीरा उठून ओरडली.

पाडस दचकलं, दहा-वीस ढांगा पळालं आणि थांबलं. वळून तिच्याकडे पाहिलं. मग ती जागची हलली नाही असं बघून परत यायला लागलं. तीरानं टोपी फेकली, झाडाची फांदी आपटली. ते पुन्हा पळालं, पुन्हा आलं. तिसऱ्यांदा तिचे हात गळाले. ती खोडावर बसली आणि हमसून हमसून रडली. बापासाठी रडली, का अल्वारसाठी, का त्या जनावरासाठी, ह्याचा तिला पत्ता नव्हता. ती परत निघाली तेव्हा पाडस शेवाळ उकरतच होतं.

शनिवारी सकाळी ती सिक्स्टनकडे गेली तर म्हातारा कोट घालून तयार.

"मला ने वाटणीला."

"पालिकेच्या गाडीतून? नोकरी घालवशील माझी."

"मी मेलो असतो तर पालिकेच्याच गाडीतून नेलं असतंस ना? मग जिवंत ने."

तिनं नेलं. मांसाची पडवी हेल्गेच्या आवारात होती. सिमेंटची जमीन, छताला आकडे, आणि लांब टेबलांवर पांढरं प्लास्टिक. आठवडाभर टांगलेलं मांस सकाळपासून कापून झालं होतं. जितक्या बंदुका, कुत्रेवाले आणि जमीनमालक, तितके ढीग. प्रत्येक ढिगात थोडा पुठ्ठा, थोडा खांदा, बरगड्या, हाडं, सगळं बेतानं. तरी ढीग कधी सारखे होत नाहीत, म्हणून रीत अशी की एकानं भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. दुसरा ढिगावर बोट ठेवून विचारतो, हा कोणाचा? पाठमोऱ्यानं नाव घ्यायचं. त्याला ढीग दिसत नाही, म्हणून भांडण नाही. पाठ करायचा मान कोणाला, हे सगळ्यात म्हातारा माणूस सांगतो.

सगळे जमले होते. कैसा सुऱ्या धुत होती. अल्वार दाराशी उभा, हात खिशात. बाहेर उजेड कमी व्हायला लागला होता. थर्मासमधली कॉफी फिरली, हेल्गेनं सिक्स्टनला खुर्ची दिली.

"बोल, म्हाताऱ्या. पाठ कोणाची?"

सिक्स्टननं सगळ्यांवरून नजर फिरवली. "तीराची."

"हिची? हिच्याकडे बंदूक कुठाय?"

"कुत्रं आहे. पाय आहेत. पुरे."

म्हाताऱ्यानं आपल्याला सापळ्यात धरलं हे तीराला कळलं. पण नाही म्हणायची रीत नव्हती. ती भिंतीकडे गेली आणि फळ्यांकडे तोंड करून उभी राहिली. फळीवर एक गाठ होती, डोळ्यासारखी. तीरा तिच्याकडे बघत राहिली.

"हा कोणाचा?" मागून हेल्गेचा आवाज.

"कैसाचा."

कुणीतरी शिट्टी वाजवली. ढीग मोठा असणार.

"हा कोणाचा?"

"हेल्गेचा."

"छे, नुसती हाडं आली की माझ्या वाट्याला!" सगळे हसले.

"हा कोणाचा?"

"सिक्स्टनचा."

असं चाललं. ती नावं घेत गेली आणि एक नाव मागे ठेवत गेली. ठरवून नाही. प्रत्येक वेळी ते नाव ओठांशी यायचं आणि तिला शेवाळ उकरणारं ते खूर दिसायचं, मग ती दुसरंच नाव घ्यायची. हळूहळू मागचं हसणं कमी झालं. लोकांनी मनात मोजायला सुरुवात केली होती. शेवटी स्वतःचं नावही तिनं घेतलं.

"हा कोणाचा?" हेल्गेनं विचारलं. आता त्याचा आवाज बदलला होता. एकच ढीग उरला होता आणि कोणाचा ते पडवीतल्या सगळ्यांना माहीत होतं.

तीरानं फळीवरच्या गाठीवर बोट टेकलं.

"तीरा. हा कोणाचा?"

"मला नाही सांगता येत," ती फळीला म्हणाली. "त्याला विचार."

नळाचं पाणी चालू होतं, ते कैसानं बंद केलं. तीराला मागे वळायचं नव्हतं. वळली तर तो आपल्या कानाकडे बघत असेल आणि आपल्याला दया येईल, ह्याची तिला भीती होती. संसाराची इतकी वर्षं, आणि आपण भर पडवीत त्याची मान धरून दगडावर ठेवली, असं तिला वाटलं.

"मादीला पाडस होतं," अल्वार म्हणाला.

आवाज इतका बारीक होता की हेल्गेनं त्याच्या खोडीप्रमाणे विचारलं, "काय होतं?"

"पाडस. कासेत दूध होतं. कास मी कापून टाकली. पाडस दलदलीवर येतंय सोमवारपासून." तो थांबला. "मी खोटं बोललो. हिनं नाही, मी."

"एल्क पडवीएवढं असतं, मर्दा," हेल्गे म्हणाला. रागापेक्षा नवल जास्त होतं त्यात. "पाडस तुझ्यासमोरून गेलं असणार. अल्वारच्या नजरेतून सुटलं? तुला दिसलं नाही?"

मग तीराला मागे, दाराकडून, श्वास आत ओढल्याचा आवाज आला. लहानसा, ओठांच्या चंबूतून. हो.

तेवढ्या आवाजानं पडवीतल्या सगळ्यांना सगळं कळलं. कडेनं बघणं, वर्तमानपत्र, गेल्या वर्षी कुंपणाला लागलेली गाडी. हेल्गेनं नाक शिंकरलं. तो म्हणाला, "उद्या पहाटे पाडसासाठी दबा धरून बसावं लागेल. एकट्यानं नाही भागायचं."

"कैसा बसेल," अल्वार म्हणाला. "मोठ्या पाइनच्या दक्षिणेला. वारा तिकडे वाहतो, त्याला वास लागणार नाही. मी नेतो तिला. वाट माझ्या पायांना माहीत आहे. बंदूक माझी घे पोरी, तुझ्या बंदुकीपेक्षा बरी आहे. मला परत द्यायची नाही."

कैसा म्हणाली, "बरं." एवढंच म्हणाली, ते बरं झालं.

हेल्गेनं सिक्स्टनकडे पाहिलं. म्हातारा आपल्या सुजलेल्या पायांकडे बघत होता. "माझ्याकडे काय बघतोस? पाठ तिची आहे. विचार तिला."

"हा कोणाचा, तीरा?"

डबडबल्या डोळ्यांपुढं फळीतली ती गाठ मोठी झाली होती. "अल्वारचा," ती म्हणाली.

कुणीतरी पिशवी उघडली. मांस पिशवीत पडल्याचा आवाज झाला आणि लोक हळूहळू बोलायला लागले, हवेबद्दल, बर्फाबद्दल, सुऱ्यांबद्दल.

सिक्स्टनला हेल्गे सोडणार होता. पालिकेची गाडी हेल्गेच्या आवारात ठेवून तीरा बाहेर आली तेव्हा अल्वार त्यांच्या जुन्या गाडीपाशी उभा होता. मांसाची पिशवी त्यानं मागच्या सीटवर ठेवली होती. कामावरच्या सवयीनं तिनं डाव्या हाताचं दार धरलं. इकडे चालवणारा डावीकडे बसतो, आणि ह्या गाडीत ती जागा अल्वारची, हे लक्षात येऊन ती थांबली. त्यानं खिशातून किल्ली काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली. ठेवताना आधी बोटांनी तिचा हात चाचपून घेतला. मग गाडीला हात लावत लावत वळसा घालून पलीकडे गेला आणि बसला. पट्टा त्याला सापडेना. तिनं वाकून लावून दिला.

"भर सभेत केलंस," तो म्हणाला.

"केलं."

"माझ्याकडून झालं नसतं. कधीच नसतं झालं." त्यानं हात मांडीवर ठेवले आणि परत उचलले, त्यांचं काय करावं ते त्याला कळत नव्हतं. "राग आलाय मला तुझा. राहील काही दिवस."

"राहू दे."

तिनं गाडी सुरू केली. दिवे लावले. दिव्यांच्या उजेडात मोठमोठे पांढरे तुकडे खाली येत होते, आधी तुरळक, मग दाट, काचेवर बसायचे आणि वितळायचे. अल्वार मान वाकडी करून, डोळ्याच्या कडेनं, समोर बघायचा प्रयत्न करत होता.

"लागला का गं बर्फ?" त्यानं विचारलं.

तीरानं गिअर टाकला, रस्त्याकडे बघितलं आणि श्वास आत ओढला.